करंगळीवरचा मुद्दा

उदगीरच्या आमच्या शिवलिंगअप्पांना साधा चहा मागायचा असला तरी ते आधी अंगठा वर करतात. अंगठा म्हणजे नमस्कार-चमत्कार. "वहिनी, बरं हाय का?" मग तर्जनी : ऊन लई हाय. मधलं बोट : डोकं दुखायलंय. अनामिका : गोळीनं काय होत न्हाई. आणि शेवटी करंगळी : "तर, कपभर चहा." तोवर आमची बायको चहा गाळून, कप पुढं ठेवून मोकळी झालेली असते.

अप्पांचं भांड्यांचं दुकान, माझं शिवणकामाचं, मधे एक भिंत. गावात ज्याला भाषण करायचंय तो आधी अप्पांच्या पायरीवर येऊन बसतो. हातात कागद दिसला की अप्पा खवळतात. "कागद वाऱ्यानं उडतो, बोटं कुठं जात न्हाईत! पाच बोटं, पाच मुद्दे. ज्याच्यासाठी उभं राहिलो ते करंगळीत ठिवायचं. आधीची चार निस्ती वाट." स्वतः मात्र त्यांनी कधी माईक धरला नाही. स्टेजखाली उभं राहून वक्त्याला बोटं दाखवायची, बास.

दुष्काळाच्या साली, उदगीर जिल्हा व्हावा म्हणून सभा भरली. आता आमच्या जिल्ह्याचं म्हणजे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. दुसरं बोट दुष्काळाचं, करंगळी जिल्ह्याची. वक्ता अनामिकेपर्यंत झकास आला होता. तेवढ्यात हॉटेलवाल्यानं लांबून खुणेनं अप्पांना विचारलं, चहा किती? अप्पांनी दोन बोटं दाखवली. वक्ता मागं फिरला ना राव! दुष्काळ पुन्हा पहिल्यापासून. मग अध्यक्षांनी घंटी वाजवली. दुष्काळ दोनदा झाला, जिल्हा राहूनच गेला. अजून कुणी छेडलं तर अप्पा म्हणतात, "मुद्दे बराबर होते. चहा मधी आला."

त्याच उन्हाळ्यात नळ आटले. घागरी वाहून अप्पांच्या बायकोचे, आमच्या काकूंचे, गुडघे कामातून गेले, म्हणून अप्पांनी त्यांना लेकाकडं पुण्याला धाडलं. पुढं पाऊस झाला, नळ सुरू झाले. काकू काही आल्या नाहीत. अप्पा दुपारची भाकरी फडक्यात बांधून माझ्या दुकानात येऊन जेवायला लागले. "तुला तेवढीच सोबत," म्हणायचे. मला कशाला हवी होती सोबत!

जेवण झालं की काकूंना फोन. डाव्या हातात मोबाइल, उजव्याची मूठ. अंगठा : गुडघे कसे हायत? तर्जनी : नातू काय म्हणतो? मधलं बोट : नळाला पानी यायलंय. अनामिका : जिल्ह्याचं अजून काय न्हाई. आणि मग नुसतंच, "बरं, ठिवतो." करंगळी मुठीतच. जगाला भाषणं शिकवणारा माणूस, आणि बायकोला एवढं सांगता येईना. मला मशीनवर बसल्या बसल्या लई वाईट वाटायचं.

एक दिवस माझं डोकंच फिरलं. अप्पा "ठिवतो" म्हणायच्या आत मी फोन हिसकावून घेतला.

"काकू, अप्पांचा एक मुद्दा रोज राहून जातोय बघा."

"ठाव हाय की मला," काकू म्हणाल्या. "रोज आपलं नळाला पानी आलं, नळाला पानी आलं. मी काय नळासाठी येऊ व्हय?"

आवाज मोठा, अप्पांनाही ऐकू गेला. मी फोन त्यांच्या कानाला लावला. सवयीनं त्यांचा अंगठा वर आला. "अध्यक्ष महाराज..." म्हणाले. मग त्यांनी सगळी मूठच सोडून दिली.

"करमत न्हाई गं. ये."