सामान्य असल्याचा दाखला

दयाराम घरत यांनी आईला गारेश्वराच्या दर्शनाला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांच्यापुढे एकच गंभीर प्रश्न उभा राहिला: ओळख कोणाची लावायची?

देव डोंगरात कुठे आहे, रस्ता कसा आहे, जेवणाची सोय काय, हे प्रश्न दुय्यम होते. दयारामचे वडील पेणच्या खाडीकाठी मिठागरात राबले. आता मुलाचे ट्रक बंदराच्या रस्त्यावर धावत होते. अशा माणसाने देवापुढे रांग लावली असती, तर गावाने काय म्हटलं असतं?

सखुबाईंना, म्हणजे दयारामच्या आईला, गावाशी काही घेणं नव्हतं. अलिबागला त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सुटली की आधी गारेश्वराला बघायचं, परसातल्या माडाचा नारळ त्याच्यापुढे फोडायचा आणि मगच अन्न तोंडात घालायचं, असा त्यांचा नवस होता. त्यामुळे रविवारी सकाळी पट्टी सुटताच त्या उपाशीच गाडीत बसल्या.

ओळख निघाली. दयारामच्या मेहुण्याच्या मित्राचा साडू देवस्थानच्या एका विश्वस्तांच्या गाडीवर चालक होता. इतकं जवळचं नातं असताना कोणी रांग लावत नाही. साडूने फोन केला आणि दयाराम, त्यांची बायको कल्पिता आणि सखुबाई या तिघांना देवस्थानच्या दृष्टीने ‘विशेष’ हा दर्जा प्राप्त झाला.

गारेश्वर हे डोंगरमाथ्यावरचं छोटंसं तीर्थक्षेत्र. सगळीकडे ऐन-किंजळीचं रान, कठड्यावर ओळीने बसलेली वानरं, आणि झाडी जिथे विरळ होते तिथून खाली दिसणारा अलिबागचा समुद्र. मंदिराला तीन दारं होती. पहिलं सामान्य भाविकांचं, दुसरं विशेष भाविकांचं आणि तिसरं अतिविशेष भाविकांचं. विशेष भाविकांच्या मनगटावर केशरी पट्टा चिकटवत, अतिविशेषांच्या मनगटावर सोनेरी. सखुबाईंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, “बांगड्या हायेत त्या पुऱ्या झाल्या.”

विशेष दर्शनाची रांग दारापासून निघून फुलवाल्यांच्या दुकानांवरून, कुंडाला वळसा घालून थेट रानात शिरली होती. तिचं शेपूट कुठे होतं ते फक्त वानरांना ठाऊक. याचं कारण सरळ होतं. गेल्या काही वर्षांत तालुक्यात ओळख नसलेला माणूसच शिल्लक राहिला नव्हता. सामान्य दार मात्र सताड उघडं होतं. रखवालदार खुर्चीत डुलक्या घेत होता आणि एक कुत्रं आत जाऊन, दर्शन घेऊन, सावकाश बाहेर येत होतं.

“अहो, ते दार मोकळं आहे,” कल्पिता म्हणाली. “आईंना घेऊन पटकन जाऊन येऊ.”

“त्या दारातून?” दयाराम दचकले. “फोन केला त्या माणसाला काय वाटेल?”

खरं कारण वेगळं होतं. रांगेत पुढे तुळशीराम उभा होता. तुळशीराम म्हणजे शेजारच्या घरातला, शेजारच्या धंद्यातला आणि लहानपणी शेजारच्या बाकावरचा. त्याचेही ट्रक होते. त्याने वळून हात केला.

“काय दयाशेठ, दर्शन?”

“हो. वरून फोन होता.”

“आपला पण वरूनच होता,” तुळशीराम म्हणाला. “पन जरा जास्त वरून.”

यानंतर रांगेत थांबणं दयारामला शक्य नव्हतं आणि रांग सोडून सामान्य दाराने जाणं तर त्याहून नव्हतं. त्यांनी साडूला पुन्हा फोन लावला. साडूने चक्रं फिरवली. थोड्याच वेळात तुळशीरामच्या डोळ्यांदेखत घरत कुटुंब अतिविशेष झालं. दयाराम सोनेरी पट्टा उंच धरून कक्षात शिरले. ते सोफ्यावर टेकतात न टेकतात तोच तुळशीरामही आत आला. त्याच्या मनगटावरही सोनं चमकत होतं.

अतिविशेष कक्षात पंखे होते, सोफे होते, गार पाणी होतं. दर्शन तेवढं नव्हतं. अतिविशेष भाविकाचा सत्कार झाल्याशिवाय त्याला देवापुढे नेणं शिष्टाचारात बसत नसे. सत्कार सचिवांच्या हस्ते होत असे आणि सचिव आणखी कोणा अतिअतिविशेषाच्या स्वागताला घाटात गेले होते. ते परतले, तेव्हा शाली संपल्या होत्या. ध्वनिक्षेपकावरून विनंती झाली: ज्यांचे सत्कार झाले आहेत त्यांनी शाली परत कराव्यात, म्हणजे पुढचे सत्कार करता येतील. सत्कारमूर्तींनी ती ऐकली आणि शाली अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेतल्या.

“दया,” सखुबाई म्हणाल्या, “मना देवाला भेटाचा हाय, सायबाला नाय. देवाला भेटाला कोनाची वलख कशाला लागते रं?”

“आई, जरा दम धर. आपला नंबर आलाच.”

“बरा. मी पाय मोकले करून येते.”

त्या नारळ पदराखाली घेऊन गेल्या त्या गेल्याच. बराच वेळ झाला तशी कल्पिता शोधायला बाहेर पडली आणि धापा टाकत परत आली. म्हातारी सामान्य दाराने आत गेल्याचं रखवालदाराने पाहिलं होतं. बाहेर येताना पाहिलं नव्हतं.

उपाशी म्हातारी, नुकतंच ऑपरेशन झालेला डोळा, आत ओल्या दगडी पायऱ्या. ते धावत सामान्य दाराशी गेले. रखवालदार ताडकन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात आडवे केले.

“साहेब, इकडून नाही.”

“अरे, माझी आई आत आहे!”

“असेल ना साहेब. पण हातात सोनेरी पट्टा आहे. अतिविशेष माणसाला सामान्य दाराने सोडलं तर त्याचा अपमान होतो.”

“माझा अपमान झाला तरी चालेल!”

“तुम्हाला चालेल, देवस्थानला चालत नाही. मागे एक विशेष माणूस माझ्या हातून चुकून आत गेला. सहा महिने चपलांच्या स्टँडवर काढले मी.”

पट्टा ओढून निघत नव्हता. तो कापायचा अधिकार फक्त कार्यालयाला होता. कार्यालयात नूतन मॅडम बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्हाला दर्जा खाली आणून हवाय,” त्या म्हणाल्या. “मिळेल. सामान्य असल्याचा दाखला घ्यावा लागेल. तुम्हाला ओळखणारी आणि तरीही सामान्य समजणारी एक प्रतिष्ठित व्यक्ती साक्षीला आणा.”

“मी देते साक्ष,” कल्पिता तत्काळ पुढे झाली. “लग्न झाल्यापासून ओळखते.”

“घरचे चालत नाहीत. घरच्यांचं मत नेहमीच तसं असतं.”

डोंगरावर दयारामला ओळखणारा प्रतिष्ठित माणूस एकच होता. त्याला बोलवायला कल्पिताच गेली. तुळशीराम अर्धा सत्कार सोडून आला, कोणाकडून तरी परत मिळवलेली शाल खांद्यावर तशीच ठेवून. हकिगत ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की ते देवदर्शनानेही पसरलं नसतं.

“हा ना? मॅडम, एकदम सामान्य मानूस. शाळेत माझ्या बाजूला बसायचा. गणितात सामान्य, खेळात सामान्य. धंदा पन माझा बघून चालू केलाय. याच्यात विशेष असं काय पन न्हाय. लिहा.”

“अगदीच सामान्य असं नाही…” दयाराम पुटपुटले.

मॅडमनी पेन थांबवलं. “हरकत आहे का? हरकत असेल तर दाखला देता येत नाही. उलट तुम्हाला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागेल, मोठ्याने: माझ्यात विशेष काही नाही.”

दयारामनी तोंड उघडलं. ‘माझ्यात’ एवढंच निघालं. मिठागरातून ट्रकपर्यंतचा सगळा प्रवास त्यांनी ज्या एका वाक्यापासून पळ काढत केला होता, नेमकं तेच वाक्य बोलायचं होतं, आणि तेही तुळशीरामसमोर. मग त्यांना आत ओल्या पायरीवर चाचपडणारी आई दिसली.

“माझ्यात विशेष काही नाही!” ते एवढ्याने ओरडले की बाहेरचं वानर कठड्यावरून उडालं.

कात्री चालली. पट्टा पडला. आश्चर्य म्हणजे दयारामला हलकं वाटलं. ते निघणार, तेवढ्यात तुळशीराम खाली मान घालून म्हणाला, “दया, जरा थांबतोस का? सकाळपासून बसलोय मी पन. माझी पन साक्ष दे ना.”

आई आत असताना थांबणं बरं नव्हतं. पण दयारामनी साक्ष दिली, धावतपळत दिली आणि तरीही सविस्तर दिली.

मग दोघेही सामान्य दाराने आत धावले. गाभाऱ्यात गारवा होता. पिंडीवर वरून थेंब थेंब पाणी पडत होतं. गर्दी नव्हती. खांबाला टेकून सखुबाई निवांत बसल्या होत्या आणि पुजाऱ्याला सांगत होत्या की देव त्यांना वाटला होता त्याहून काळा आहे, पण छान आहे.

“आई! जेवलीस काही?”

“कशी जेवनार? नारल तू फोडशील म्हनून थांबले. कवरा उशीर रं पोरा! कुठं होतास?”

दयारामनी नारळ फोडला. सखुबाईंनी पहिला तुकडा देवापुढे ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात घातला आणि तिसरा, काही न विचारता, तुळशीरामच्या हातावर ठेवला.

सामान्य दाराने दर्शन चटकन होतं, ही बातमी दोघांनीही खाली उतरताच गावभर केली. तुळशीरामने तर दाखला काचेत घालून ऑफिसात लावला. पुढच्या महिन्यापर्यंत पेणपासून किहीमपर्यंतची सगळी मोठी माणसं सामान्य दारापाशी गोळा झाली आणि ती रांग रानात शिरली. गर्दी आवरेना, तेव्हा देवस्थानने नियम केला: सामान्य दर्शन फक्त शिफारशीनेच मिळेल. तशी शिफारस मिळवणं सोपं नाही. त्यासाठी फार वरून फोन लागतो.

आपण ही गोष्ट वाचताना हसलात, ते ठीकच झालं. पण वाचता वाचता आपण मनातल्या मनात हाही हिशोब केलात, की मेहुण्याच्या मित्राचा तो साडू आपल्याही कोणाच्या तरी ओळखीचा निघेल. निघेल. फोन करा. सांगा, सामान्यच माणसं आहोत, पण जरा बघा.