चाळीस धोतरांची चोरी

चौतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं. तेवढ्या काळात माझ्या वर्गातलं एकही पोर कोरी उत्तरपत्रिका ठेवून उठलं नाही. त्यामुळे नात करिष्मा फोनवर म्हणाली, "आजोबा, गावातल्या चाळीस लोकांकडून फॉर्म भरून घ्यायचे आहेत," तेव्हा मी म्हटलं, "भरले समज."

करिष्मा नागपूरला गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करते. गावात चोरी झाली तर लोक पोलिसांकडे जातात की आपसात मिटवतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. महिनाअखेर प्रबंध गेला नाही तर वर्ष वाया. फॉर्मवर नाव नाही. ज्याचा त्याने भरून बंद पेटीत टाकायचा आणि पेटी तिच्या मार्गदर्शक नंदिनी मॅडमसमोरच उघडायची.

आमचं गाव धानाचं आणि तलावातल्या मासोळीचं. फॉर्म दिसला की लोकांना घाम फुटतो. म्हणून करिष्मा यायच्या आदल्या दिवशी मी सगळ्यांना शाळेच्या ओसरीत बसवून थोडा सराव घेतला. फळ्यावर नमुना लिहून दिला. काय चोरीला गेलं? धोतर. कधी? पोळ्याच्या दिवशी. तक्रार कुठे केली? कुठेच नाही.

"गुरुजी, उद्या हेच येते का?" लटारूने विचारलं. तो पन्नाशीचा आहे. चौथीत माझ्याकडे दोनदा बसला होता.

"हेच येते," मी धीर दिला.

दुसऱ्या दिवशी चाळीसही फॉर्म भरले गेले. सुगंधाबाईने तर समास आखला होता. मला भरून आलं.

आठ दिवसांनी करिष्माचा फोन. "आजोबा, पोळ्याले गावात काय झालं होतं?"

"काई नाई. बैल सजवले, पुरणपोळी खाल्ली."

"चाळीस धोतरं चोरीला गेली."

मी हळहळलो. माझं तेवढं शाबूत होतं, म्हणून थोडी लाजही वाटली.

इतकी शिस्तीची टोळी मॅडमनी पुस्तकातसुद्धा वाचली नव्हती. दोन दिवसांत त्या करिष्माला घेऊन जीपने आल्या. पहिलंच घर सुगंधाबाईचं.

"बाई, तुमचं धोतर कसं गेलं?"

"माह्यं? मी त लुगडं नेसतो."

"पण फॉर्ममध्ये तर सगळ्यांनीच धोतर लिहिलंय."

"ते बरोबर उत्तर हाय. गुरुजीनं फळ्यावर लिवून देल्लं होतं."

"मग तुमचं खरंच कधी काही चोरीला गेलं का?"

"गेलं ना. मागच्या साली जाळं गेलं. तलावाच्या पाळीवर सारे बसलो, ज्यानं नेलं त्याले बोलावलं, दिवस बुडायच्या आत त्यानं जाळं आणून देल्लं. पण ते काई फळ्यावर नव्हतं."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. करिष्माने पाहिलं नाही.

"आजोबा," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मले बरोबर उत्तरं नाई पाहिजे होती. त्यांची पाहिजे होती."

चौतीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

महिना संपायला बारा दिवस होते. मॅडमनी फॉर्म पुन्हा भरून घ्यायची परवानगी दिली, एका अटीवर. त्या अटीप्रमाणे मी चार दिवस आलापल्लीला मुलीकडे जाऊन राहिलो. लटारू मला बसस्टँडवर सोडायला आला. म्हणाला, "गुरुजी, आता आमी पाहून घेतो."

प्रबंध वेळेत गेला आणि पासही झाला. त्यात आभाराचं एक पान आहे. मॅडमचे, गावकऱ्यांचे, ग्रंथपालांचे आभार; आणि शेवटी, 'माझे आजोबा, जे गावात असते तर हा अभ्यास पूर्ण झाला नसता.'

शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी दोनदा तपासलं.