घरच्या घरी कटिंग

"इथून पुढं कटिंग घरीच," असं दयानंद पवारांनी रविवारी सकाळी जाहीर केलं आणि त्यांच्या पत्नी उज्वलाबाईंनी कपाळाला हात लावला. लातूरच्या एका कचेरीत कारकून असलेल्या दयानंदांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता: चिल्लर खर्च थांबवा, साठीला करोडपती व्हा. चहा सुटला, पान सुटलं, आता सलूनची पाळी होती. त्यासाठी मागवलेलं मशीन वर्षभराच्या कटिंगच्या भावात पडलं, पण बचत करायची तर आधी खर्च आलाच.

पहिल्याच फेरीत मशीनची टोपी निसटली आणि डाव्या कानावरच्या केसांत पांदणीसारखी मोकळी वाट पडली.

"आता उजवीकडं बी तेवढंच काढा," उज्वलाबाई म्हणाल्या.

सारखं करता करता डोकं गुळगुळीत झालं. मिशीही एका बाजूनं उडाली होती, तीसुद्धा काढावी लागली.

सोमवारी कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या शिवलिंगांनी विचारलं, "तिरुपतीला गेलता का?"

दयानंद हो म्हणणारच होते. पण तिरुपती म्हटलं की अख्ख्या कचेरीला लाडू वाटणं आलं. त्यांनी खालमानेनं नकार दिला.

शिवलिंगांचा चेहरा उतरला. तिरुपती नाही आणि मिशीही नाही. दयानंदांची आई मागंच गेलेली. म्हणजे औशाजवळच्या गावी राहणारे वडील, दगडोबा.

"कवा गेले?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

केसांचं विचारतायत असं समजून दयानंद म्हणाले, "काल सकाळी."

"लई तरास झाला का?"

"आधी बरं चाललतं. मशीन लावलं अन् सगळं बिघडलं."

"मग आज कामावर कशाला आलाव?"

"एवढ्यासाठी रजा कशाला वाया घालवायची?"

शिवलिंगांनी लगेच मोबाइल काढला. दुपारपर्यंत दगडोबांचा फोटो हार घालून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला आणि संध्याकाळी औशाहून दोन जीप भरून पाहुणे दारात उतरले. दयानंदांनी सोडलेला सगळा चहा त्यांनी तासाभरात पिऊन संपवला.

"आत्या, आबा धडधाकट हायेत," दयानंद काकुळतीला येऊन सांगत होते.

"सुरवातीला असंच वाटतंय, लेकरा," म्हणत नागुआत्या त्यांच्या टकलावरून हात फिरवत रडत होत्या.

तेवढ्यात दारात खुद्द दगडोबा उभे राहिले. आपण गेल्याचं गावात कळल्यावर ते मिळेल त्या एसटीनं आले होते. रडणं जागच्या जागी थांबलं. बाप जिवंत असताना मिशी काढली, तीही पैसे वाचवायला. हे बापाला कोणत्या तोंडानं सांगायचं? तरी मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

"किती वाचले?" दगडोबांनी विचारलं.

"शंभर."

दगडोबा खाटेवर बसले. भरलेल्या घरावर त्यांनी एकदा नजर फिरवली.

"चांगलं हाय. मानसानं लांबचा इचार करावा. आता पाव्हणे आलेच हायेत, तर माझ्या तेराव्याचं जेवन बी आजच उरकून टाक. मी खरंच गेल्यावर ह्येच तिप्पट महाग पडंल, अन् मला त्यातलं कायबी मिळायचं न्हाई."

हा हिशोब ऐकून दयानंदांनी पाकीट काढलं. गल्लीतला आचारी आला, अंगणात पंगत बसली. पहिलं पान दगडोबांनी घेतलं, आणि बुंदी दोनदा मागून घेतली.