अंधाराला भिणारा सरदार

धारवाडहून बी. एस्सी. होऊन परतताना मी पदवीबरोबर एक खेळही रामनगरला आणला. खेळ साधा आहे. प्रत्येकाने एक काल्पनिक माणूस व्हायचे, फासे टाकायचे आणि त्याच्या वतीने संकटांना तोंड द्यायचे. मात्र आधी त्याची पूर्वकथा रचावी लागते: घराणे, पराक्रम आणि किमान एक दोष. दोषाशिवाय खेळ सुरू होत नाही.

यशवंतमामांच्या किराणा दुकानामागे मामा, मारुती, वासू आणि मी बसलो. मामांचा राजा सात किल्ल्यांचा धनी निघाला.

“दोष?” मी विचारले.

“आमच्या घराण्यात न्हाई.”

“मामा, हे घराणं काल्पनिक आहे.”

“असू दे की. आमचंच हाय न्हवं?”

मारुतीचा सेनापती अतिशय प्रामाणिक होता. हाच त्याचा दोष. मी तो दयेपोटी मान्य केला. गुंद गावच्या वासूने मात्र नियम मनावर घेतला. त्याचा सरदार अंधाराला भीत असे.

वासूचे मामांच्या सुमनशी जमले होते. रविवारी सुपारी फुटायची होती. मामांनी फासे खाली ठेवले.

“गुंदात दिवस मावळला की अंधारच. माझ्या पोरीनं कुणाच्या भरवशावर ऱ्हायाचं?”

“मामा, सरदार भितो. मी न्हाई.”

“मग तुझ्या मनात आलं कुठनं ते?”

याला शास्त्रात उत्तर नाही. सुपारी अडली.

“भाऊ, तेवढं खोडून टाक,” वासू मला म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

मी समजावले की दोषाचे ऊर्जेसारखेच आहे. तो नष्ट करता येत नाही, फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातो.

“मग अडलंय कुठं?” मारुती म्हणाला. “लखूकडं जाऊ दे.”

कुंभारवाडा गावचा लखू आमचा चौथा गडी. बस न आल्यामुळे तो पोचला नव्हता.

“त्याला विचारायला नको?”

“हितं हाय कुठं तो?”

वासूची भीती एकमताने लखूच्या नावावर गेली. तेव्हा मामांनाही काहीतरी आठवले. “माझ्या राजाचं माप जरा हलकं हाय. तेबी लाव त्याच्याकडंच.” दोषांची बेरीज कायम राहिली, म्हणून मी हरकत घेतली नाही. रविवारी सुपारी फुटली.

सोमवारी सकाळी लखू आला. रविवारीही बस मिळाली नाही म्हणून रात्रभर रानातून चालत आला होता.

“भ्यानं पळत सुटला असंल,” मामा म्हणाले, आणि त्यांनी तराजू लखूपासून दूर, आत नेऊन ठेवला.

रामनगरच्याच भिकाजीच्या पुतणीसाठी लखूच्या लग्नाचे बोलणे चालले होते. भिकाजी आता दुसरीकडे स्थळ बघतो आहे. लखूने अजून फाशांना हातही लावलेला नाही.

खेळ उत्तम चालू आहे. वाचकांपैकी कोणाला यायचे असल्यास जागा आहे. घराणे हवे ते आणि पराक्रम मनाला येईल तेवढा घ्यावा. दोष सांगायची गरज नाही. तो कोणाच्या नावावर लावायचा, ते तुम्ही मनाशी ठरवलेच असेल.