यील्ड वाढलं हो वाढलं!

शेअर निवडावा तर मी! हे मी स्वतःच्या तोंडाने सांगतोय, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

बाटल्यांची झाकणं बनवणारी एक कंपनी मी हेरली. पंधरा वर्षं न चुकता लाभांश! शेअरमागे बारा रुपये म्हणजे बारा! शेअरचा भाव दोनशे, यील्ड सहा टक्के. 'यील्ड' हा शब्द मी मोबाइलवर वाचला आणि मला तो इतका आवडला, की अर्थ बघायचा राहूनच गेला. व्याजासारखं काहीतरी असणार, एवढं मी ताडलं.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. चाळीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. वरची आणि खालची अशा दोन्ही कवळ्या नव्या करायला त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते.

"डॉक्टरांची तारीख तीन महिन्यांनी आहे ना? तोवर पैसे नुसते लोळत कशाला पडू द्यायचे?" मी म्हटलं.

"पण यील्ड म्हणजे काय हो, जावईबापू?"

"टेक्निकल असतं ते!"

त्यांनी विश्वासाने पैसे दिले. बायकोने माझ्याकडे हवा गेलेल्या टायरकडे बघावं तसं बघितलं.

पंधरा दिवसांत यील्ड साडेसात! मी चहा पिता पिता जाहीर केलं.

"आणि शेअरचा भाव?" बायको म्हणाली.

"मुरलेला गुंतवणूकदार भावाकडे ढुंकूनही बघत नाही!"

आठ झालं, नऊ झालं. मी रोज सकाळी आकडा सांगायचो आणि सासूबाई कौतुकाने मान डोलवायच्या. ही बातमी पोटात ठेवणं मला जमेना, म्हणून ऑफिसात सांगितली. स्टोअरकीपरने लगेच शेअर घेतले. "दीडशेला मिळाले! स्वस्तात!" म्हणून तो नाचलाच. त्याचं बघून हेडक्लार्कने घेतले. यील्ड दहावर गेलं तेव्हा तर साहेबच म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना जरा समजावून सांगा."

आमचं ऑफिस लिफ्ट दुरुस्तीचं. वर काय जातंय आणि खाली काय येतंय, हे ओळखण्याचाच आम्हाला पगार मिळतो!

मी फळ्यावर भलामोठा बाण काढला. "आज दहा! महिनाअखेर वीस!" टाळ्या पडल्या. तेवढ्यात सासूबाईंचा फोन. मी ऐटीत म्हटलं, "ऐका, खुद्द माझ्या गुंतवणूकदार!" आणि स्पीकर लावला.

"जावईबापू, आज पेपरात वाचलं. लाभांशाला भावाने भागलं की यील्ड. बरोबर?"

"अगदी बरोबर!" मला हे त्याच क्षणी कळत होतं, पण समोर वीस माणसं होती.

"मग अंश तर बाराचा बाराच आहे. यील्ड वाढलं, म्हणजे छेद घटला. दोनशेचा एकशेवीस झालाय. वीस टक्के व्हायला तो साठवर यायला हवा. तुम्हाला रोज सकाळी आनंद कशाचा होतो?"

हेडक्लार्कचा घास हातातच राहिला. स्टोअरकीपरने मोबाइल उघडला, बघितला आणि माझ्या बाणाकडे अशा नजरेने पाहिलं, की मी तो हाताने पुसला.

संध्याकाळी उरलंसुरलंही कळलं. झाकणं घेणारं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आता स्वतःच झाकणं बनवणार होतं. कंपनीने जाहीर केलं, यंदा लाभांश नाही! यील्ड शून्य! दुसऱ्या दिवशी नव्वदच्या भावाने आम्ही सगळे विकून मोकळे झालो.

मी मान खाली घालून सासूबाईंसमोर उभा राहिलो. आलेल्या पैशात एकच कवळी बसत होती.

"वरची करू," त्या शांतपणे म्हणाल्या. "हसायला तेवढी पुरते."

अहो, ओरडल्या असत्या तर परवडलं असतं! आपलेच दात आपल्या घशात घालून घेणं म्हणतात ते हेच. खालची कवळी माझ्या पगारातून करायची, हे बायकोने मला न विचारताच ठरवलं.

मला वाटलं, मिटलं. पण पुढच्या सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या फोनवरच्या बाई फार छान समजावतात हो! आपल्याकडे येतील का?"

आता दर शुक्रवारी सुट्टीत सासूबाई आमच्या ऑफिसात शिकवतात. एकही माणूस चुकवत नाही. फळा पुसायला मी असतो. पहिल्याच दिवशी त्यांनी खडू उचलला, नवी कवळी दिसेल असं छान हसल्या आणि म्हणाल्या,

"उदाहरणार्थ, आमचे जावई!"