दस्तगीरचाचांची झडती

सहलीहून परतताना गाडीत पाय ठेवण्याआधी ड्रायव्हरनं कधी तुमचे खिसे तपासलेत? आमचे दरवर्षी तपासले जातात. दस्तगीरचाचा माझे पलूसचे शेजारी आणि आमच्या गल्लीची सहल नेणाऱ्या गाडीचे मालक नि ड्रायव्हरही. कर्नाटकातल्या मालप्याजवळच्या खडकाळ बेटावरून होडी किनाऱ्याला लागली, की चाचा वाट अडवून उभे. "हात वर! दगूड हाय का काय?"

एकदा शिंदेकाकूंच्या पर्समधून खडा निघाला. "आठवण म्हणून एकच घेतला हो," काकू ओशाळल्या.

"आठवण डोक्यात ठिवा. समद्यांनी एकेक न्हेला तर बेट ऱ्हाईल व्हय?" खडा होडीवाल्याच्या हाती परत जाईपर्यंत गाडी सुरू झाली नाही. आम्ही उपाशीपोटी चाचांच्या नावानं बोटं मोडली.

त्या बेटावर काळ्या दगडाचे खांब आहेत, पाच-सहा पैलूंचे, एकाला एक खेटून. लाव्हा निवताना आकसून तडकला आणि हे खांब झाले. मी जन्मभर भूगोल शिकवला, पण ते प्रत्यक्ष दाखवलं चाचांनीच. "मास्तर, आपुन आन् मादागास्कर एका घरात ऱ्हात हुतो. वाटणी झाली, तवाचं हे दगूड. बांधाचा दगूड हलवला तर आपल्यात कुऱ्हाडी निघत्यात, आन् ही लोकं खिशात घालून न्हेत्यात!"

गेल्या वर्षी चाची गेल्या. त्यानंतर एकदा मी चाचांकडे चहाला गेलो, तर ओट्यावरच्या पाट्यावर वरवंटा दिसला. काळा, पाच पैलूंचा. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. चोर सापडला होता!

"चाचा, हे काय?"

चाचांनी गॅस बंद केला. "पयल्या फेरीला आनला. तवा काय कळत हुतं? कळल्यावर परत न्यायला निघालो, तर ती म्हनली, खर्डा ह्याच्याबिगर हुत न्हाई. दर साली निघताना इचारायचो. दर साली त्योच जबाब."

"आणि आता?"

"आता कुनाला इचारू?"

माझा आनंद जागीच विरला. आमच्या खिशांवर इतकी वर्षं निघणारा राग कुणावरचा होता, तेही कळलं.

यंदाच्या सहलीत होडीत चाचांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. बेटावर ते एकटेच पुढं गेले. मी लांब थांबलो. खांबांच्या पायथ्याशी त्यांनी वरवंटा ठेवला, पुन्हा उचलला, पुसला आणि ठेवला.

किनाऱ्यावर नेहमीसारखी झडती झाली. कुणाकडे काही सापडलं नाही. बाकीचे गाडीत बसल्यावर चाचा माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"मास्तर, माजी घ्या."

मी खिसे चाचपले. पिशवी उलटी करून झटकली.

"हाय का काय?"

"काही नाही, चाचा."

"न्हाई न्हवं?" ते म्हणाले. हात मात्र त्यांनी बराच वेळ खाली घेतले नाहीत.