नाल्याकाठच्या शाळेची तपासणी

एका जंगलात, बाळांनो, नाल्याकाठी मोठी दाट वस्ती होती. इतकी दाट, की एकाच्या बिळात दुसऱ्याची शेपटी. तिथं एक शाळा होती. पिल्लं पुष्कळ होती. शिक्षक मात्र टिकत नव्हते.

म्हणून सिंहमहाराजांनी योजना काढली. नव्या शिक्षकांनी दिवसा नाल्याकाठी शिकवायचं आणि संध्याकाळी टेकडीवरच्या विद्यालयात वरची पदवी घ्यायची. फी दरबार भरणार. दाणापाणीही दरबाराचं. वर्षाअखेरी तपासणी, मग पदवी.

रेवा नावाची खार अशीच आली. वर्षभर राबली. चिखलात काडीनं आकडे काढून शिकवलं. पिल्लं पाढे घडाघडा म्हणू लागली.

तपासणीला घुबडसाहेब आले. त्यांना दिवसा दिसत नसे, पण तपासणी दिवसाच असे. ते मागच्या दगडावर बसले.

"सात आठे किती?" रेवाबाईंनी विचारलं.

"बारा," चिचुंद्रीची ठकी म्हणाली.

"बारा नाही गं. नीट आठव."

"मग तेरा."

मुंगसाचं पोर उठलं. "बाई, आठ म्हणजे काय?"

रेवाबाईंची शेपटी खाली आली. पदवी गेली. आता आईला काय सांगायचं?

घुबडसाहेबांनी शेरा लिहिला : 'तयारी अपुरी. पदवी रोखावी. बाईंना आणखी दोन वर्षं इथेच ठेवावं.' आणि चाचपडत, पायीच निघाले.

रेवाबाई मटकन खाली बसल्या. "काल तर सगळं येत होतं रे तुम्हाला! माझं काय चुकलं?"

ठकी जवळ आली. "तुमचं काही नाही चुकलं, बाई. मागच्या हरणीबाई फार छान शिकवायच्या. त्यांच्या तपासणीला आम्ही सगळं बरोबर सांगितलं. साहेब म्हणाले, एवढ्या चांगल्या बाई इथं कशाला? दुसऱ्या दिवशी त्यांना टेकडीवर नेलं. शिक्षकांना शिकवायला."

"त्यांच्या आधी ससेगुरुजींनाही," मुंगसाचं पोर म्हणालं. "तेव्हा आम्ही लहान होतो. कळत नव्हतं."

रेवाबाईंनी शेपटीनं डोळे पुसले आणि काडी उचलली.

"नऊ सक?"

"चोपन्न!" अख्खा वर्ग ओरडला.

"हळू," रेवाबाई म्हणाल्या. "साहेब अजून नाल्यातच आहेत."

तात्पर्य : बाळांनो, अभ्यास मन लावून करावा. फक्त ज्या बाई आवडतात, त्यांच्या तपासणीच्या दिवशी तो कुणाला दाखवू नये.